गिअर बदलायचा तो कोणत्या आकड्यावर?

विद्यार्थीमित्रांनो, रस्त्यावर उभ्या असलेल्या मोटारसायकलींच्या हँडलकडे तुम्ही कधी नीट पाहिले आहे का? काहींवर दोन तबकड्या असतात. एक गाडीचा वेग सांगते. दुसरी इंजिन मिनिटाला किती फेरे घेत आहे ते सांगते. तिला टॅकोमीटर म्हणतात. परंतु बुटक्या बैठकीच्या, पाय पुढे टाकून आरामात चालवायच्या ज्या गाड्यांना क्रूझर म्हणतात, त्यांपैकी अनेकींवर ही दुसरी तबकडी नसतेच. पुण्याच्या बजाज ऑटोने २००५ मध्ये आणलेली ॲव्हेंजर घ्या, नाही तर रॉयल एनफील्डने २०२० मध्ये आणलेली मिटिअर ३५० घ्या. मग चालवणाऱ्याला गिअर केव्हा बदलायचा हे कळते तरी कसे? कंपनीने उगीच काटकसर केली, अशी तक्रारही पुष्कळ जण करतात.

मला ही तक्रार पटत नाही. अमुक आकडा आला की गिअर बदलायचा, असा एकच आकडा कोठेतरी ठरलेला आहे, असे ती गृहीत धरते. तसा आकडा नाही. आणि विज्ञानाच्या वर्गातही आपण हीच समजूत नकळत रुजवत असतो, की तबकडीवर दिसते ते ज्ञान आणि कानाला कळते तो अंदाज. म्हणून शिक्षकांनीही पुढचा हिशेब माझ्याबरोबर करून पाहावा.

मिटिअरच्या इंजिनाचे दोन आकडे कंपनीने जाहीर केलेले आहेत. मिनिटाला ४००० फेऱ्यांवर त्याचा फिरवण्याचा जोर, म्हणजेच टॉर्क, सर्वांत जास्त असतो : २७ न्यूटन-मीटर. आणि ६१०० फेऱ्यांवर त्याची शक्ती सर्वांत जास्त असते : २०.२ अश्वशक्ती. शक्ती म्हणजे टॉर्क आणि फिरण्याची गती यांचा गुणाकार. या सूत्राने ६१०० फेऱ्यांवरचा टॉर्क काढला तर तो सुमारे २३.६ न्यूटन-मीटर येतो. म्हणजे फेरे ४००० वरून दीडपटीने वाढले तरी जोर आठव्या हिश्शानेच घटला!

आता समजा, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरचे प्रमाण ४ ला ३ असे आहे. तिसऱ्या गिअरमध्ये ६१०० फेऱ्यांवर असताना चाकाला मिळणारा जोर २३.६ गुणिले ४, म्हणजे ९४.४ भाग. त्याच वेगाला चौथा गिअर टाकला तर फेरे सुमारे ४५७५ वर येतील. तेथे इंजिनाचा टॉर्क फार तर २७ असेल, त्याहून जास्त असूच शकत नाही. म्हणजे चाकाला मिळाले जास्तीत जास्त ८१ भाग. तेव्हा केवळ जोर हवा असेल तर खालचा गिअर अगदी शेवटपर्यंत धरून ठेवणेच बरोबर ठरते. पण सपाट रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर वेगाने जायला इतका जोर कोणाला हवा आहे? तेथे वरचा गिअर लवकर टाकला तर घर्षण कमी होते, मूठ थोडी अधिक उघडल्यामुळे इंजिनाला हवा ओढून घेण्याचे कष्टही कमी पडतात आणि पेट्रोल वाचते. आंबा घाट चढताना, मागे माणूस बसलेला असताना, पुढच्या ट्रकला ओलांडताना उत्तर बदलते. गाडी तीच, इंजिन तेच, पण योग्य आकडा प्रत्येक वेळी निराळा. चालवणाऱ्याला फेरे किती हे कळण्याची निकड नसते. इंजिनाच्या अंगात अजून किती उरले आहे, हे त्याला कळावे लागते आणि ते कोणतीही तबकडी सांगत नाही.

मग ते कोण सांगते? मुख्यतः कान. चार-धावी इंजिनात एका सिलिंडरमागे दोन फेऱ्यांत एक स्फोट होतो. म्हणून मिनिटाचे फेरे भागिले १२० केले की सेकंदाला किती स्फोट होतात ते मिळते. जागेवर उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला १२०० फेरे घेत असेल तर सेकंदाला १० स्फोट. ते ‘धक् धक् धक्’ असे सुटे ऐकू येतात. ४००० फेऱ्यांवर सेकंदाला ३३ स्फोट होतात आणि ते सुटे ओळखता येत नाहीत. तेथे एक सलग घरघर, एक खर्जातला सूर ऐकू येतो. माणसाच्या कानाला साधारण सेकंदाला २० कंपनांपासून पुढे सूर जाणवू लागतो, त्याखाली केवळ ठोके. सेकंदाला २० स्फोट म्हणजे मिनिटाला २४०० फेरे. ही काही सुरीने कापलेली रेषा नव्हे. २० ते ३० च्या दरम्यान ठोके हळूहळू एकमेकांत मिसळत जातात. पण पाहा, एका सिलिंडरच्या मोठ्या इंजिनाला चढावर जेथून नीट ओढता येऊ लागते, जवळपास त्याच टापूत आपला कान ठोक्यांवरून सुरावर जातो. हा निव्वळ योगायोग आहे, पण अतिशय सोयीचा. मूठ बरीच पिळली आहे आणि तरीही ठोके सुटे सुटे, जड ऐकू येत आहेत, गाडी कुंथते आहे, तर गिअर खाली आणावा.

असे न करता टॉप गिअरमध्येच मूठ पिळत राहिले तर काय होते? स्फोटांमधले अंतर मोठे, त्यामुळे प्रत्येक धक्का साखळीला आणि बेअरिंगला वेगळा बसतो. दट्ट्या सावकाश सरकत असल्याने दाबाखालचे तापलेले मिश्रण जास्त वेळ तसेच राहते. त्याचा काही भाग ज्योत पोचण्याआधीच आपोआप पेटू शकतो. मेकॅनिक ज्याला ‘गाडी नॉक करते’ म्हणतात ती हीच गोष्ट. लवकर वरचा गिअर टाकला की पेट्रोल वाचते, हा सल्ला खरा आहे. पण तो इथपर्यंतच खरा आहे. उलट बाजूला, फेरे दुप्पट केले की दट्ट्याला मागेपुढे झोकण्यासाठी लागणारे बल चौपट होते. त्या टोकालाही गाडी गप्प बसत नाही : आवाज कर्कश होतो, पायाखालच्या आणि हँडलच्या कंपनांनी तळवे बधिरतात आणि मूठ आणखी पिळली तरी वेग फारसा वाढत नाही.

कोणी म्हणेल, कान फसवा आहे. नुसता आवाज ऐकून ‘हे ३१५० फेरे’ असे सांगणे बहुतेकांना जमणार नाही, हे खरे. परंतु बदल ओळखण्यात कान फार तरबेज आहे. पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांच्या वारंवारतेत सुमारे ६ टक्क्यांचा फरक असतो आणि तो गाणे न शिकलेल्यालाही कळतो. ३००० फेऱ्यांच्या सहा टक्के म्हणजे १८० फेरे! शिवाय गिअर बदलताना जे कळावे लागते ते गुणोत्तरच असते. ३ ला २ या प्रमाणाच्या गिअरमधून वर गेलात तर इंजिनाचा सूर पंचमावरून षड्जावर उतरतो. ४ ला ३ असेल तर मध्यमावरून षड्जावर. खालच्या गिअरांत ही उतरण मोठी असते, वरच्या गिअरांत लहान. म्हणून प्रश्न असा विचारायचा : आवाज एवढा खाली उतरल्यावरही इंजिन न कुंथता ओढेल का? ओढणार असेल तर वरचा गिअर टाकायला हरकत नाही. चढ असेल तर अजून थोडे थांबावे.

आणि ज्याला आकडाच हवा आहे त्याच्यापुढे तो आहेच की! गिअर एकदा पडला आणि क्लच सुटला की इंजिनाचे फेरे आणि गाडीचा वेग यांचे प्रमाण पक्के असते. मिटिअरच्या मागच्या चाकाचा घेर सुमारे २ मीटर. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाकाचे ५०० फेरे. एखाद्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे सहा फेरे होत असतील तर इंजिन ३००० वर आहे. म्हणजे वेगमापक हाच प्रत्येक गिअरपुरता टॅकोमीटर झाला. शंभर टक्के फुकट!

शर्यतीच्या गाडीची गोष्ट निराळी आहे, हे मान्य करायला हवे. तिचे चार सिलिंडरचे इंजिन दहा हजारांच्या पलीकडे फिरते, तिची ताकद वरच्या टोकाला एकवटलेली असते आणि स्वार कानात बोळे घालून बसलेला असतो. तेथे तबकडी किंवा दिवा हवाच. पण घाटातल्या वळणावर क्रूझर चालवणाऱ्याने आकडा वाचायला एक सेकंद मान खाली घातली, तर ताशी ६० च्या वेगाने गाडी जवळजवळ १७ मीटर न पाहता गेलेली असते. एवढ्या अंतरात बैलगाडी आडवी येऊन उभी राहते.

गिअरच्या मोटारसायकलचा परवाना अठराव्या वर्षाआधी मिळत नाही, तेव्हा तुमच्यापैकी कोणी लगेच गाडी काढू नये. ऐकायला मात्र परवाना लागत नाही. एसटीत चालकामागच्या बाकावर बसा, चढ लागला की डोळे मिटा आणि आता गिअर पडणार असे वाटले की मनात ‘आता’ म्हणा. चार दिवसांत तुमचे आणि चालकाचे जुळू लागेल. शिक्षकांनी याचा वर्गात प्रयोग करावा. जर्मनीतील आखेनच्या तंत्रविद्यापीठाने २०१६ मध्ये फायफॉक्स नावाचे मोफत ॲप काढले आहे. त्यात मोबाईलच्या मायक्रोफोनने आवाजातील वारंवारता पाहता येतात. शाळेच्या पटांगणात एखादी एका सिलिंडरची मोटारसायकल न्यूट्रलमध्ये चालू ठेवावी, फेरे कमीजास्त करावेत, मुलांनी आधी कानाने अंदाज वहीत लिहावा आणि नंतरच पडद्यावरची वारंवारता १२० ने गुणून पडताळावी. क्रम उलटा करू नये. कधी कधी पडद्यावरचे सर्वांत उंच शिखर स्फोटांच्या दुप्पट किंवा तिप्पट वारंवारतेचे असते आणि उत्तर भलतेच येते. अशा वेळी वहीतला अंदाजच चूक दाखवून देतो. गाडी दोन सिलिंडरची असेल तर १२० ऐवजी ६० ने गुणावे लागेल. आणि ती २०१८ च्या इंटरसेप्टर ६५० सारखी असेल, जिच्या दोन स्फोटांमधली अंतरे सारखी नसतात, तर पडद्यावर अपेक्षेच्या निम्म्या वारंवारतेचेही एक शिखर दिसेल. ते कोठून आले, हे मुलांनाच शोधू द्यावे.