लेकीकडे जाताय? मग शिंपल्यांचा किल्ला बघाच!

लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत निघालात ना? मग एक सांगते. सहा महिने नुसती खीर नि डिंकाचे लाडू करून परत येऊ नका. स्वतःच्या हौसेचे दोन दिवस आधीच मागून घ्या. मागितल्याशिवाय ते कुणी देत नाही!

लेक फ्लोरिडाच्या बाजूला असेल, तर समुद्रकाठचं सेंट ऑगस्टीन बघा. १५६५ साली स्पॅनिश लोकांनी वसवलेलं हे गाव. इथला किल्ला (१६७२ ते १६९५) चक्क शिंपल्यांच्या दगडाचा, म्हणजे 'कोकिना'चा. तोफेचा गोळा आदळला तरी भिंत फुटायची नाही, गोळाच आत रुतून बसायचा! १७०२ साली इंग्रजांनी वेढा घातला, तेव्हा गावकरी पोराबाळांसह कित्येक आठवडे आत राहिले. गाव जळलं, पण किल्ला पडला नाही. त्या बायकांनी चुली कशा चालवल्या असतील, हे तुमच्याच मनात येईल.

उत्तरेला दोन मैलांवर फोर्ट मोझे. कॅरोलिनातून पळून आलेल्या गुलामांना १७३८ साली इथे स्वतंत्र माणसं म्हणून राहायला जागा मिळाली. तिथे घटकाभर थांबाच.

अनास्तासिया बेटावर वाळूच्या टेकड्या, खाजण आणि किल्ल्यासाठी दगड काढलेल्या जुन्या खाणी आहेत. तिथल्या दीपगृहाला २१९ पायऱ्या. गुडघे कुरकुरत असतील तर खालूनच बघा. उन्हाळ्यात उकाडा कोकणासारखा, तेव्हा पायात बूट, डोक्याला टोपी, पिशवीत पाणी नि दशम्या हव्यातच.

आणि हो, बाळाला एक दिवस जावयांच्या स्वाधीन करा. जमतं बरं का त्यांना!