शब्द उरले, प्रजासत्ताक गेले

रोमन प्रजासत्ताकाचा अंत म्हटला की साहित्याच्या विद्यार्थ्याला आठवतो तो शेक्सपिअरचा ब्रूटस आणि इ.स.पू. ४४ मधील सीझरची हत्या. माझ्या मते तो शेवटचा अंक. शोकांतिकेचा आरंभ इ.स.पू. १३३ मध्येच झाला होता. सार्वजनिक जमिनीच्या फेरवाटपाचा कायदा करणाऱ्या तिबेरिअस ग्राकसला सेनेटच्या सभासदांनी व त्यांच्या अनुयायांनी कॅपिटॉल टेकडीवरील सभेतच ठार केले. ट्रिब्यून अवध्य असतो, हा संकेत त्या दिवशी मोडला. आणि मोडणारे स्वतःला परंपरेचे रक्षक समजत होते. इ.स.पू. ८८ मध्ये सुल्लाने रोमवरच सैन्य नेले. इ.स.पू. ४९ मध्ये सीझरने रुबिकॉन ओलांडली, तेव्हा ती वाट मळलेलीच होती.

पुढे इ.स.पू. २७ मध्ये ऑगस्टसने प्रजासत्ताक 'परत केले'. सेनेट राहिली, कॉन्सल राहिले, निवडणुकाही राहिल्या. सत्ता मात्र एका हाती गेली. पदांची नावे तेवढी तीच उरली, हे टॅसिटसने नेमके हेरले. संस्था मरतात, पण त्यांचे शब्द लगेच मरत नाहीत. म्हणूनच शब्दांत अर्थ शिल्लक आहे की नाही हे तपासणे, हा साहित्याभ्यासकाचा केवळ छंद नव्हे. ते त्याचे नागरिक म्हणूनही कर्तव्य आहे.