नवा जन्म कोण घडवितो?



'पुनर्जन्म' हा शब्द उच्चारला की आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसांच्या कपाळावर आजही आठी उमटते. ती उमटावी हेच स्वाभाविक आहे. याच शब्दाने आपल्या वाडवडिलांना पिढ्यान्पिढ्या जखडून ठेविले. तू गावकुसाबाहेर का जन्मलास? पूर्वजन्मीच्या पापाने. तुला पाणवठ्यावर हात लावण्याची बंदी का? पूर्वजन्मीच्या पापाने. हे दुःख केव्हा सरेल? पुढल्या जन्मी. मागल्या जन्माचा पुरावा नाही व पुढल्या जन्माची हमी नाही. अशा दोन अंधारांच्या मध्ये माणसाला उभे करून त्याचा चालू जन्म लुबाडून घ्यावयाचा, असा हा व्यवहार होता.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा त्यांनीही आपला नवा जन्म झाल्याचे सांगितले. त्यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही नव्या जन्माचा उच्चार आहे. परंतु हा नवा जन्म मरणानंतरचा नव्हे. तो याच देही, याच डोळ्यांदेखत, जाणून-उमजून घ्यावयाचा आहे. शब्द जवळचे असले तरी एक माणसाला वाट पाहावयास लावतो आणि दुसरा त्याला कामाला लावतो. म्हणून कोणीही पुनर्जन्माची भाषा बोलू लागला, तर आपण प्रथम विचारावे की, बाबा रे, तुझा जन्म यांपैकी कोणता?

हा प्रश्न आज मी छायाचित्रकलेस विचारीत आहे. कलात्मक छायाचित्रे काढणाऱ्यांचा पुनर्जन्म व नवनिर्माण हा मोठा आवडता विषय आहे. जळालेल्या खोडातून फुटलेला कोंब, बर्फ वितळल्यावर उघडी पडलेली माती, पहाटेच्या धुक्यातून वर येणारा सूर्य, अशी चित्रे मोठमोठ्या दालनांत टांगली जातात. ती सुंदर असतात यात शंका नाही. परंतु त्यांपैकी पुष्कळांचा सांगावा इतकाच असतो की, ऋतू पालटतो, अंधार आपोआप सरतो, तुम्ही केवळ धीर धरा. ज्यांना शतकानुशतके धीर धरावयास सांगण्यात आले, त्यांनी हा सांगावा निमूटपणे स्वीकारावा काय? मला तसे वाटत नाही. म्हणून ज्याच्या कामात ही दोन्ही अंगे, सुंदर चित्र आणि राबणारा हात, एकत्र आढळतात, अशा एका छायाचित्रकाराचे उदाहरण मी तुमच्यापुढे ठेवितो.

त्याचे नाव सेबास्तियाओ साल्गादो. ब्राझील देशातील मिनास जेराइस प्रांतात, आयमोरेस येथे १९४४ साली त्याचा जन्म झाला. तो शिकला अर्थशास्त्र. ब्राझीलमध्ये लष्करी हुकूमशाही होती, तेव्हा १९६९ साली पत्नी लेलिया हिच्यासह तो पॅरिसला निघून गेला. कॅमेरा विकत घेतला तो लेलियाने. आणि १९७३ साली साल्गादोने चांगल्या पगाराची नोकरी सोडून छायाचित्रणाचा मार्ग धरला. पुढील पन्नास वर्षे त्याने प्रामुख्याने काळ्या-पांढऱ्या रंगांत काम केले.

त्याची काही चित्रे आपल्या ओळखीच्या ठिकाणांची आहेत. १९९५ साली त्याने मुंबईच्या चर्चगेट स्थानकात एक छायाचित्र काढिले. दोन बाजूंना आगगाड्या स्थिर उभ्या आहेत आणि मधल्या फलाटावरून माणसांचा लोंढा वाहत आहे. कॅमेऱ्याची झडप अंमळ अधिक वेळ उघडी ठेविल्यामुळे चालती माणसे पुसट झाली आहेत. जणू पाणीच वाहत आहे. त्यापूर्वी १९८९ साली त्याने धनबादच्या कोळसाखाणीतील मजूर टिपले. धनबाद तेव्हा बिहारमध्ये होते, आज ते झारखंडात आहे. कोळशाने माखलेले ते चेहरे १९९३ साली निघालेल्या त्याच्या श्रमिकांवरील ग्रंथात आहेत. त्याच ग्रंथात ब्राझीलमधील सेरा पेलादा येथील सोन्याच्या खाणीची १९८६ सालची चित्रे आहेत. त्या अजस्र खड्ड्यात सुमारे ५०,००० माणसे मातीची पोती पाठीवर घेऊन शिड्यांवरून चढत-उतरत होती.

नंतर तो देशोधडीला लागलेल्या लोकांमागे जगभर हिंडला. १९९४ साली रवांडात झालेला नरसंहार त्याने डोळ्यांनी पाहिला. त्या दर्शनाने त्याचे शरीर व मन दोन्ही खचली. हे थांबवा, नाही तर जगणार नाही, असे डॉक्टरांनी त्याला सांगितले. माणसाच्या जातीवरचाच विश्वास उडालेला हा माणूस कॅमेरा बाजूला ठेवून आपल्या बापाच्या शेतीवर परतला.

आणि ती शेतीही मेलेली होती! त्याच्या लहानपणी या सुमारे ७०० हेक्टर भूमीचा निम्म्याहून अधिक भाग अटलांटिक किनारपट्टीच्या दाट अरण्याने झाकलेला होता. परतला तेव्हा ते जवळजवळ संपले होते. डोंगर उघडे पडले होते, माती वाहून गेली होती आणि झरे आटले होते.

वाचकहो, इथे क्षणभर थांबा. ही भूमी कोणत्या पूर्वजन्मीच्या पापाने मेली होती? कोणत्याच नाही. बापाने झाडे तोडून विकली, कारण त्यास आठ मुलांना वाढवावयाचे व शिकवावयाचे होते. सभोवतालच्या साऱ्या खोऱ्यात हेच घडले. मग रिकाम्या रानावर गुरे चरली, गुरांच्या खुरांनी माती घट्ट झाली, पाऊस मुरेना, तो मातीच घेऊन जाऊ लागला. प्रत्येक गोष्टीस कारण होते, ते कारण याच जन्मातले होते आणि ते डोळ्यांना दिसत होते. तथागतांनी दुःखाविषयी आपल्याला हेच शिकविले. दुःख आहे, त्याला कारण आहे, आणि कारण आहे म्हणूनच त्याचा निरोध शक्य आहे. ज्याचे कारण मागल्या जन्मात दडवून ठेविले, त्याच्यावर उपाय चालत नाही. आणि उपाय चालू नये म्हणूनच तर ते तेथे दडवून ठेवण्यात आले होते.

लेलिया म्हणाली, आपण हे अरण्य पुन्हा लावू या. १९९८ साली त्या दोघांनी 'इन्स्टिट्यूटो तेरा', म्हणजे भूमी संस्था, स्थापन केली आणि ही शेतजमीन राखीव अरण्य म्हणून जाहीर करण्यात आली. १९९९ साली पहिली लागवड झाली. आरंभी लावलेल्यांपैकी पुष्कळ रोपे मेली. पुन्हा लावली. रोपवाटिका उभी केली, स्थानिक झाडांचे बी गोळा केले, तरुणांना या कामाचे शिक्षण देणारी शाळा काढली. आज तेथे सुमारे ३०० स्थानिक जातींची वीस लाखांहून अधिक झाडे लावली गेली आहेत. झरे पुन्हा वाहू लागले. पक्षी आले, त्यांच्यामागून जनावरे आली. या कामात साल्गादोचेही मन सावरले. २००४ साली त्याने पुन्हा कॅमेरा उचलला व सुमारे आठ वर्षे पृथ्वीच्या अस्पर्श राहिलेल्या प्रदेशांतून हिंडून 'जेनेसिस' नावाची चित्रमाला केली. ती २०१३ साली लंडनमध्ये प्रथम प्रदर्शित झाली. समुद्री सरड्याचा पंजा, दक्षिण ध्रुवाकडील हिमनग, सायबेरियातील रेनडियर पाळणारे लोक, अशी ती चित्रे आहेत.

आता माझे मत सांगतो. जग 'जेनेसिस'ला नवनिर्माणाची कला मानते. मी आयमोरेसच्या रानाला मानतो. 'जेनेसिस' म्हणजे उत्पत्ती. हे नाव बायबलातील पहिल्या ग्रंथाचे आहे. त्या कथेत जग घडविणारा एकटा ईश्वर आहे आणि जग आरंभी निर्मळ आहे. आयमोरेसच्या रानाची कथा अगदी वेगळी आहे. येथे आरंभी नासाडी आहे आणि घडविणारे अनेक हात आहेत. कोणी खड्डा खणला, कोणी पाणी घातले, कोणी मेलेल्या रोपाच्या जागी दुसरे रोप लावले. निर्मळ राहिलेल्या प्रदेशाचे चित्र पाहून आपण हळहळतो. पण नासलेल्या प्रदेशाला पुन्हा उभे राहिलेले पाहून आपल्याला उमजते की हे आपल्यालाही करता येईल. आपला समाज अस्पर्श राहिलेला प्रदेश नाही. तो उजाड करून टाकलेले रान आहे. म्हणून आपल्याला दुसरी कथा अधिक उपयोगाची.

परंतु गुणगान करताना दोष झाकणे हा आपला धर्म नव्हे. साल्गादोवर एक गंभीर आक्षेप घेतला गेला. अमेरिकन लेखिका सुझन साँटॅग यांनी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात म्हटले की, स्थलांतरितांच्या त्याच्या चित्रांखाली माणसांची नावे नाहीत. नाव केवळ प्रसिद्धांना मिळते आणि दुबळा माणूस आपल्या धंद्याचा, वंशाचा वा विपत्तीचा एक नमुना होऊन राहतो. हा आक्षेप मला मान्य आहे. धनबादच्या त्या मजुरांची जात छायाचित्र सांगत नाही, हे बरेच झाले. पण ते त्यांचे नावही सांगत नाही. चर्चगेटच्या त्या लोंढ्यात तुमचा-माझा बाप, काका, मामा असू शकेल, आणि तो केवळ पाण्यासारखा वाहून गेला आहे. ज्यांना गावाने नावाने हाक न मारता जातीने मारली, त्यांना नावाचे मोल कोणी शिकविण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे. 'जेनेसिस'च्या प्रदर्शनास 'वाले' या ब्राझीलच्या प्रचंड खाणकंपनीचे अर्थसाह्य होते. ५ नोव्हेंबर २०१५ रोजी मारियाना येथे खाणीच्या गाळाचे धरण फुटले. ते धरण ज्या कंपनीचे होते तिची निम्मी मालकी याच 'वाले'कडे होती. १९ माणसे मेली आणि खाणीचा तो चिखल रिओ दोसे नदीतून थेट समुद्रापर्यंत गेला. 'दोसे' म्हणजे गोड. ही तीच नदी, जिच्या खोऱ्यात आयमोरेस वसले आहे आणि जिचे झरे जगविण्यासाठी ती संस्था झटत होती. एका हाताने सावरलेले दुसऱ्या हाताने कसे बुडविले जाते, याचे याहून कडू उदाहरण क्वचितच सापडेल.

मग ते सारे श्रम वाया गेले काय? नाही. त्या खोऱ्यातील शेतकऱ्यांचे झरे राखण्याचे काम संस्थेने २०१० पासून हाती घेतले होते. झऱ्याभोवती कुंपण घालावयाचे, गुरे बाहेर ठेवावयाची, भोवती झाडे लावावयाची. नदी नासल्यावर हे काम संपले नाही. उलट त्याची गरज वाढली. २३ मे २०२५ रोजी पॅरिस येथे साल्गादोचे निधन झाले. तो गेला तरी रोपवाटिका चालू राहिली. नवा जन्म एका दिवसात होतो. पण तो टिकवावा लागतो दररोज.

नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांनो, हे सारे तुम्हांला सांगण्याचे कारण हेच. दीक्षेच्या दिवशी तुम्ही पांढरी वस्त्रे नेसून छायाचित्र काढिले असेल. भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर लावली असेल. ते योग्यच केलेत. परंतु तो कोंबाचा फोटो आहे, झाडाचा नव्हे. कोंबाभोवती कुंपण घातले नाही तर जुनी गुरे पुन्हा आत शिरतात. जुने नवस, जुने उपास, आपल्यातच पुन्हा उच्च-नीच मानण्याची खोड, मुलीला शाळेतून लवकर काढण्याची सवय, ही ती गुरे होत. काही रोपे मरतीलही. एखादा मुलगा परीक्षेत नापास होईल, एखादा भाऊ मागे फिरेल. तेवढ्याने लागवड थांबवावयाची नसते. त्या जागी दुसरे रोप लावावयाचे असते.

आणि एक लहानसे काम आजच करा. भिंतीवरून ते छायाचित्र उतरवा. त्याच्या पाठीवर दिनांक लिहा, ठिकाण लिहा आणि त्यात उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाचे पूर्ण नाव लिहा. आजीचे नाव लिहा. ते अद्याप कोणत्याही कागदावर नीट लिहिले गेले नसेल. कडेवरच्या बाळाचेही लिहा. ज्याने गर्दीत उभे राहून छायाचित्र काढिले, त्याचेही लिहा. उद्या तुमची नात ते छायाचित्र हाती घेईल, तेव्हा तिला तेथे लोंढा दिसू नये, माणसे दिसावी. आपला नवा जन्म कोणी घडविला, हे तिला नावानिशी कळावे.

जय भीम.