शिट्टी कुणाच्या हातात आहे?

कोळशाच्या खाणीत सरदार किंवा ओव्हरमन व्हायचं तर परीक्षा देऊन सक्षमतेचं प्रमाणपत्र मिळवावं लागतं. आमच्या माजरीत हे लहान पोरालाही ठाऊक आहे. ज्याच्या अज्ञानाची किंमत दुसऱ्याला जिवानं मोजावी लागते, त्याला तपासूनच कामावर घ्यायचं, हा साधा न्याय. पण त्याच खाणकामगाराची मुलगी पोलीस भरतीच्या तयारीसाठी ज्या 'सरां'च्या हाती आपलं शरीर सोपवते, त्यांची परीक्षा कुणी घेत नाही. ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी आणि पीळदार दंड एवढ्या भांडवलावर माणूस प्रशिक्षक होतो. जिममधला ट्रेनरही बहुधा असाच तयार होतो.

हा शहरी बायकांच्या हौसेचा प्रश्न आहे, असं कुणी म्हणू नये. १९९४ च्या महिला धोरणानंतर शासकीय नोकऱ्यांत ३० टक्के जागा स्त्रियांसाठी आल्या. पोलीस शिपाई व्हायचं तर मुलीला ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक मिळून ५० गुणांची मैदानी चाचणी द्यावी लागते. वनरक्षक व्हायचं तर तीन किलोमीटर धावावं लागतं. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या मुलींसाठी मैदान ही रोजगाराची वाट आहे. म्हणूनच त्या वाटेवर उभा असलेला माणूस जाणकार असायला हवा.

२०२४ साली उत्तर प्रदेशच्या राज्य महिला आयोगानं यावर एक तोडगा सुचवला: बायकांच्या व्यायामशाळेत प्रशिक्षक बाईच असावी. शिंप्याकडे मापंसुद्धा बाईनंच घ्यावीत, असंही त्याच प्रस्तावांत होतं. आपल्याकडच्याही अनेकींना हे पटलं. मला ते घातक वाटतं. स्त्रीला स्त्रीकडूनच शिकावंसं वाटलं तर तशी सोय हवी, यात वादच नाही. पण सक्ती केली की प्रश्नच बदलतो. पुरुषाला बाहेर काढलं की बाई सुरक्षित, असं मानणं म्हणजे पडदापद्धतीला सरकारी शिक्का मारणं. शिवाय अडाणी प्रशिक्षिका अडाणी प्रशिक्षकाइतकीच इजा करू शकते. गुडघा निकामी होताना तो शिकवणाऱ्याचं लिंग विचारत नाही.

मग काय यायला हवं? आधी आपल्याच भागातलं बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. मुलीला धाप लागते, चक्कर येते, तेव्हा 'नखरे करू नको, अजून दोन फेऱ्या मार' म्हणणाऱ्याला ही गोष्ट माहीत असते का?

त्यातून आपला पट्टा सिकलसेलचा. वाहक व्यक्ती एरवी ठणठणीत असते. पण उन्हात, पाण्याविना, एकदम जास्त ताण दिला तर तिचे स्नायू झिजून जिवावर बेतू शकतं. अमेरिकेत विद्यापीठ पातळीवरचे काही खेळाडू असे दगावल्यावर २०१० साली तिथल्या वरच्या श्रेणीच्या स्पर्धांसाठी सिकलसेल तपासणीचा नियम झाला. याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. अमेरिकन लष्करातल्या सैनिकांचा मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांना स्नायू झिजण्याचा धोका जास्त दिसला, पण त्यांच्या मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं नाही. त्या लष्करात पाणी, विसावा आणि सराव हळूहळू वाढवण्याचे नियम सगळ्यांनाच लागू होते. म्हणजे वाहक मुलीला मैदानाबाहेर काढायचं कारण नाही. शिकवणाऱ्यानं शिकलेलं असावं, एवढंच.

वजन उतरवण्याच्या नादात मुलगी उपाशी धावते, पाळी थांबते, आणि प्रशिक्षक त्याला 'फिटनेस' समजतो. प्रत्यक्षात ती शरीराची धोक्याची घंटा असते. हाडं ठिसूळ होण्याची ती सुरुवात असू शकते. अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्या बाईला न विचारता जड वजन उचलायला लावलं जातं. त्रास ती सांगत नाही, कारण तसं विचारण्याची रीतच नाही. वर प्रोटीनचे डबे विकायचे, ते वेगळंच.

नियम आले तर गरीब पोरांचा धंदा बुडेल, असा एक आक्षेप येतो. मी तो हसण्यावारी नेत नाही. पण प्रशिक्षण स्वस्त आणि जवळ असेल तर तो आक्षेप उरत नाही. कौशल्य परिषदेनं फिटनेस ट्रेनरसाठी मानकं ठरवलेली आहेत. ती पाळण्याची सक्ती मात्र नाही. गोंडवाना विद्यापीठानं इथल्या मुलामुलींसाठी असा अभ्यासक्रम चालवावा, ही आपली मागणी हवी. त्यातून प्रशिक्षिकाही तयार होतील, त्या सक्तीनं नव्हे, हक्कानं.

राहिला छळाचा प्रश्न. जानेवारी २०२३ मध्ये महिला कुस्तीगिरांना लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन जंतरमंतरवर बसावं लागलं. नामवंत खेळाडूंची ही गत, तर गावातल्या मुलीचं काय? २०१३ चा कायदा इथं कामाचा आहे. त्यात क्रीडासंस्था आणि सरावाची ठिकाणं 'कामाच्या जागे'त येतात, आणि तक्रार करणारी तिथं नोकरीला असण्याची अट नाही. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मुदत तीन महिन्यांची आहे. किती जिमच्या भिंतीवर हे लिहिलंय?

मैत्रिणींनो, कायदा होईपर्यंत हात बांधून बसायला नको. आपापल्या गावच्या प्रत्येक अकादमीत आणि जिममध्ये गटानं जाऊन विचारू या: तुम्ही काय शिकलात, कुठे शिकलात? हिमोग्लोबिन आणि सिकलसेल तपासणी झाली आहे का, हे विचारता का, आणि उत्तर गुप्त ठेवता का? कुणी कोसळली तर पहिल्या पाच मिनिटांत काय करता? अंगाला हात लावण्याआधी परवानगी घेता का? तक्रार कुठे करायची, ते मुलींना सांगितलंय का? उत्तरं मिळतील ती ग्रामसभेत आणि बचतगटाच्या बैठकीत वाचून दाखवू या. फी आपण भरतो, मुलगी आपली धावते. तेव्हा विचारण्याचा अधिकारही आपलाच आहे.