बिनपगारी, फुल्ल अधिकारी

माझी भाची संभाजीनगरहून बॅग घेऊन आमच्याकडे डोंबिवलीला आली, तेव्हा मी आनंदाने विचारलं, "नोकरी लागली?"

"नाही मामा, इंटर्नशिप. स्थलांतरावर संशोधन करणारी संस्था आहे. दोन महिने."

"देतात किती?"

"सर्टिफिकेट देतात."

मी पडलो बी.कॉम. झालेला बँकेतला कारकून. सर्टिफिकेट जमेला धरायचं की नावे टाकायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

दोन महिने ही पोरगी लोकलला लोंबकळत जायची, मजूरनाक्यांवर फॉर्म भरून घ्यायची आणि रात्री जेवताना आम्हाला शिकवायची. २०११ च्या जनगणनेत स्थलांतरितांचा आकडा ४५ कोटींच्या घरात आहे आणि बायकांच्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण लग्न, हे तिनेच सांगितलं. सौभाग्यवती लगेच म्हणाल्या, "म्हणजे मीपण! साताऱ्याहून आले. मलाही कुणी पगार दिला नाही." मी पोळी मागायचा बेत रद्द केला.

तुम्ही म्हणाल, मुलं शिकतात की! कबूल. मीसुद्धा बँकेत पहिले सहा महिने शिकतच होतो. माझ्या चुका शोधायला एक आख्खा साहेब लागत होता. तरी पगार पहिल्या महिन्यापासून मिळाला. कारखान्यातल्या शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन द्यावं लागतं, तसा १९६१ पासून कायदा आहे. २०२४ साली सरकारने मोठ्या कंपन्यांतल्या इंटर्नशिपसाठी योजना काढली, तीत महिना ५००० रुपये ठरवले. मग संशोधन करणाऱ्याचंच पोट काय सुट्टीवर असतं?

आणि गंमत बघा. ठेकेदाराने परराज्यात नेलेल्या मजुराला विस्थापन भत्ता आणि येण्याजाण्याचं भाडं द्यावं, असं १९७९ च्या कायद्यात लिहिलं होतं. तो किती जणांच्या हाती पडला, हे भाची अभ्यासत होती. तिला स्वतःला विस्थापन भत्ता नाही, भाडंही नाही! तिचा पास मी काढला, डबा मामीने भरला. संस्थेच्या गुळगुळीत अहवालात देणगीदारांचे आभार पानभर आहेत. आमचा उल्लेख नाही. असो, आमचं गुप्तदान.

पण मला खरा राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. भाचीबरोबर तिच्या हॉस्टेलमधल्या एका मैत्रिणीचीही निवड झाली होती. मुलगी बीड जिल्ह्यातली, आईबाप ऊसतोड कामगार. लहानपणी दर दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड उचलून ती त्यांच्याबरोबर कारखान्याच्या फडावर जायची. स्थलांतर तिला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. उलट संस्थेनेच तिच्याकडे शिकवणी लावायला हवी होती. ती आली नाही. कारण एकच, तिला मुंबईत मामा नाही.

म्हणजे स्थलांतराचा अभ्यास कोण करणार, तर ज्याचं शहरात फुकट बस्तान आहे तो! ज्यांनी ते भोगलं, ती माणसं फक्त फॉर्मच्या रकान्यात. उचलीच्या कर्जात माणसं अडकवणाऱ्या मुकादमाची मी तरफदारी करत नाही, पण तोही आधी पैसे हातावर ठेवल्याशिवाय कुणाला गाडीत बसवत नाही.

निधी नाही म्हणता? दहा मुलं फुकट घेण्यापेक्षा चार घ्या. पण त्यांचं खोलीभाडं, जेवण आणि रेल्वेचा पास निघेल एवढं महिन्याच्या महिन्याला द्या. आणि त्या चारांत बीडची ती मुलगी असू द्या. सर्टिफिकेट नाही दिलंत तरी चालेल. भाचीचं अजून टपालातच आहे.