नाव नको, पिढी विचारा

‘आय-सेव्हन आहे, स्वस्तात देतो’ एवढ्यावर बीडच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी सेकंडहँड संगणकाचा सौदा करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आधी प्रोसेसरची पिढी विचारावी. ती क्रमांकातच असते: ४७७० म्हणजे चौथी, ८१०० म्हणजे आठवी. चौथ्या पिढीचा आय-सेव्हन विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. आठव्या पिढीचा साधा आय-थ्री बसतो. विंडोज १० चे नियमित पाठबळ तर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. जीएसटीची बिले आणि उधारीची खाती अशा संगणकावर ठेवणे धोक्याचे आहे. बिलांच्या कामाला चार कोअरचा आय-थ्री पुरतो. वाचलेले पैसे एसएसडी व यूपीएसला लावावेत. पावतीवर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक लिहून घेतल्याशिवाय पैसे मोजू नयेत.