आरोग्यचिंतन : तुलनेवाचून पुरावा नाही

पेणजवळील रामवाडीहून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेस गेले की महाड लागते. वैद्यकात पुराव्याचे मोल काय, याचा उत्तम धडा आपल्या रायगड जिल्ह्यातील या गावी मिळतो.

कोकणातील लाल विंचवाचा दंश एकेकाळी अनेकांचा जीव घेई. त्या विषाने रक्तदाब भडकतो, हृदय दुबळे होते आणि फुप्फुसांत पाणी साचते. तरीही मांत्रिकांचा लौकिक कायम राही. कारण विंचवाच्या पुष्कळ दंशांत केवळ वेदना होतात व त्या आपोआप ओसरतात. बरे झालेल्याचे श्रेय मंत्राच्या खाती जमा होई. दगावलेल्याची नावे-बाजू मात्र कोणी मांडत नसे.

१९७६ साली महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला. रुग्णाची नाडी, रक्तदाब, घाम, उलटी यांच्या नोंदी त्यांनी चिकाटीने ठेवल्या. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या नामांकित नियतकालिकात आली. पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्यांनी वापरली आणि मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ घटले.

एवढ्या यशानंतर दुसरा कोणी थांबला असता. डॉ. बावस्कर व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी मात्र स्वतःच्याच उपचाराची परीक्षा घेतली. विंचूदंशाच्या ७० रुग्णांचे, आवडनिवड न ठेवता, ३५-३५ चे दोन गट केले. एका गटास केवळ प्राझोसिन, तर दुसऱ्यास त्याच्या जोडीला विंचूविषावरील प्रतिविष दिले. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ८, तर दुसऱ्यात ३२ भरले. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने हा निष्कर्ष छापला.

आपल्या घरांत काढे, गोळ्या, यंत्रे यांची शिफारस ‘अमक्याला गुण आला’ एवढ्यावर होते. नुसती जमेची बाजू दाखवून कोणी भागीदारी मागितली, तर कोणताही व्यापारी ती देणार नाही. औषधाविषयीही हाच प्रश्न विचारावा : ते न घेणाऱ्यांचे काय झाले? सरकारी आरोग्य योजनांनाही हीच कसोटी लावावी.

आणि विंचू चावल्यावर भरपूर घाम, उलटी किंवा हातपाय गार पडणे दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. औषध कोणते व किती, हे डॉक्टरांनीच ठरवावे.